फकीर नाही म्हणत नाही

मोहरमच्या नवव्या दिवशी दुपारी जेवताना विमलने, मीठ संपलंय म्हणावं तितक्याच सहजपणे सांगितलं की, मिस सालवे संध्याकाळी घरी येणार आहेत. दिनकररावांचा घास हातातच राहिला.

"आज?"

"आज."

"परवा येऊ दे की. परवा काय झालंय?"

"त्यांना आजच सवड आहे," असं म्हणून विमलने त्यांच्या पानात वरण वाढलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

धुमाळांच्या घरी मोहरमचे दहा दिवस कर्ता पुरुष फकीर होई. कुणा एका पूर्वजाची मुलं जगत नव्हती, तेव्हा इमामसाहेबांना बोललेला तो नवस. तेव्हापासून घरातला थोरला माणूस हिरवा कुर्ता घाली, गळ्यात हिरवा नाडा बांधी, दहाव्या दिवशी शेजारपाजारी भिक्षा मागे आणि अंगणातला ताजिया करबल्याच्या तळ्यात थंड करून, म्हणजे बुडवून, आला की मगच पुन्हा धुमाळ होई. ग्वाल्हेरच्या कंपू वस्तीतल्या मराठा घरांत यात नवल काही नव्हतं. ताजियाच्या उरलेल्या कामट्यांवर महिन्याभराने त्याच अंगणात गणपतीचं मखर उभं राही.

फकिरीचे नियम दोन. फकिराला कुणी नाही म्हणायचं नाही आणि फकिराने कुणाला नाही म्हणायचं नाही. पहिल्याची कुणाला फिकीर नव्हती, ओंजळभर पीठ झोळीत घातलं की तो पाळला जाई. दुसरा मात्र सगळ्यांना चांगलाच लक्षात होता, कारण दिनकररावांचे वडील तात्यासाहेब जेव्हा पहिल्यांदा फकीर झाले तेव्हा त्यांचा चुलतभाऊ कान्होजी याने सातव्या दिवशी त्यांची घोडी मागितली होती. तात्यासाहेबांनी लगाम त्याच्या हातात दिला. कान्होजी घोडीवर बसून झाशीकडे गेला आणि घराण्यातून गेला तो गेलाच. तेव्हापासून मोहरमात धुमाळांकडे कुणी काही मागत नाही. पानाचा डबासुद्धा ज्याचा त्याने उठून घ्यावा.

आणि त्या ख्रिस्ती बाई आज येणार होत्या, त्या मागायलाच.

मिस रूथ सालवे मोरारच्या मिशन शाळेत गाणं शिकवत. तरुण पोरापोरींचा त्यांचा एक गायकवृंद होता, ज्याला दिनकररावांची मुलगी दुर्गा 'क्वायर' म्हणे आणि घरातले बाकीचे 'ते' म्हणत. 'ते' ऑक्टोबरात मद्रासहून बोटीने निघून कोलंबो, पेनांग आणि सिंगापूरच्या चर्चांमधून गाणार होते. वीसेक जणांत ख्रिस्ती नसलेली एकटी दुर्गाच. ती तिथे गेली कशी, याला जबाबदार पुन्हा धुमाळच होते. दोन वर्षांपूर्वी मोहरमात अंगणातल्या ताजियासमोर घरच्या बायकांबरोबर दुर्गा इमामांचा शोक गात होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मिस सालवे टांगा थांबवून ऐकत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या विचारायला आल्या. तो मोहरमचा आठवा दिवस होता. तात्यासाहेब 'हो' म्हणाले.

मोरारला आठवड्यातून दोनदा जाऊन गाणं ही एक गोष्ट झाली. समुद्र ओलांडणं वेगळी. यंदा दिनकरराव सावध होते. चर्चच्या लोकांनी सांगितलं होतं की घरच्यांची राजीखुशी असल्याशिवाय मुलीला नेणार नाही, आणि मोहरमच्या आधीपासून ते मिस सालवेंना सांगत आले होते, "माझं काही नाही हो, पण तात्यासाहेब मानणार नाहीत." उद्या सूर्य मावळला, ताजिया थंड झाला की तात्यासाहेबांना विचारायला त्यांची ना नव्हती. नाडा सुटलेले तात्यासाहेब काय म्हणतील याची त्यांना खात्री होती.

मिस सालवे पाचला आल्या. पांढरी साडी, काळी छत्री, चपला चिखलाने भरलेल्या. अंगणात पत्र्याखाली ताजिया उभा होता आणि त्याच्या पायाशी पाटावर बसून तात्यासाहेब अभ्रकाचे तुकडे खळ लावून चिकटवत होते. सत्तरी ओलांडलेला, शिंदे सरकारच्या रिसाल्यातला हा माणूस. फौज दिल्लीच्या फौजेत विलीन झाली तेव्हा घोडे तिकडे गेले आणि हे घरी आले.

"बसा," ते म्हणाले. फकीर असल्यामुळे ते हळू बोलत होते.

"तात्यासाहेब, मी एक मागणं घेऊन—"

"चहा," दिनकरराव म्हणाले. "भई, आधी चहा. विमल, चहा कुठे राहिला?"

चहा आला. मिस सालवेंनी तो निम्मा होईपर्यंत धीर धरला.

"आमचा वृंद ऑक्टोबरात मद्रासहून—"

"मद्रास बहोत दूर आहे, नाही? आमच्या ऑफिसात एक मद्रासी आहेत. इतका चांगला माणूस, पण जेवणाचे त्याचे फार हाल." आणि दिनकररावांनी त्या मद्रासी गृहस्थांच्या जेवणाचे हाल सांगितले. ते बराच वेळ पुरले. अभ्रकाची एक बाजू पूर्ण झाली.

"तर मला विचारायचं होतं की, दुर्गाला—"

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" हे शांताताईने विचारलं.

शांताताई म्हणजे तात्यासाहेबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली, आणि तेव्हापासून या घरात कुणाचं काय चुकतं याच्यावर नजर ठेवून असलेली. दुर्गाच्या जाण्याला सकाळपर्यंत सगळ्यात मोठा विरोध तिचाच होता. परदेशातून आलेल्या पोरीशी लग्न कोण करील, हा तिचा प्रश्न होता. आता दिनकररावांना तिच्या मध्ये पडण्याने बरंच वाटलं. त्यांचा मद्रासी संपला होता.

"आम्ही नगरकडच्या," मिस सालवे म्हणाल्या. "श्रीगोंदा तालुका. घोडनदीच्या काठी हिंगणी म्हणून आहे, तिथं माझं आजोळ."

तात्यासाहेबांच्या हातातला अभ्रकाचा तुकडा तसाच राहिला.

धुमाळ हिंगणीचे. महादजींबरोबर घोड्यावर बसून निघाले ते हिंगणीहून, हे या घरातलं पोर चालायच्या आधी शिकत असे. लग्नाच्या बोलणीत हिंगणीचं नाव निघे, श्राद्धाला निघे, भांडणात तर हमखास निघे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तिथे परत मात्र कुणी गेलं नव्हतं. ज्याने हिंगणी डोळ्यांनी पाहिली आहे असं माणूस या अंगणात पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते मिशनमधून आलं होतं.

"नदी आहे?" शांताताईने विचारलं. "खरंच आहे?"

"आहे की. उन्हाळ्यात आटते."

"आटते," शांताताई म्हणाली. तिने ते मनात ठेवून घेतलं. "आणि भैरोबाचं देऊळ?"

"वेशीपाशी. आम्ही पोरं तिथल्या चिंचा पाडायचो. पुजारी ओरडायचा."

"कोण पुजारी? गुरव?"

"गुरवच. बहिरा होता, म्हणून जास्त ओरडायचा."

शांताताई उठली, आपला पाट मिस सालवेंच्या जवळ सरकवून बसली आणि तिकडे बाजरीच्या भाकरीला काय लावून खातात ते विचारू लागली. दिनकररावांच्या लक्षात आलं की, आपल्या बाजूचं एक माणूस आपल्या डोळ्यांदेखत उठून पलीकडे गेलंय.

भाकरीचं झालं. मिस सालवेंनी कप खाली ठेवला आणि साडीचा पदर सावरला, आणि आता या बाई विचारणार हे दिनकररावांना कळलं. त्यांना काही म्हणजे काही सुचेना. तेवढ्यात कप न्यायला दुर्गा बाहेर आली.

"मिस, आज नका विचारू," ती म्हणाली.

"अगं, पण मी त्याचसाठी—"

"पता आहे मला. पण तात्यासाहेब आज फकीर आहेत. फकीर नाही म्हणत नाही. तुम्ही मागाल, ते देतील. वो देना क्या देना हुआ?" तिने ट्रे उचलला. "मला घोडी नाही व्हायचं."

मिस सालवेंना घोडीचं काही माहीत नव्हतं. तरी त्या उठल्या, सोमवारपर्यंत मद्रासला नावं कळवायची आहेत एवढं म्हणाल्या आणि टांग्यात जाऊन बसल्या. शांताताई फाटकापर्यंत सोडायला गेली. दिनकरराव खुर्चीवर मोकळे होऊन बसले. तासभर ज्यासाठी ते झगडत होते तेच पोरीने एका वाक्यात करून टाकलं होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यात भोपाळ होतं.

भोपाळ हल्ली रोजच असे. ग्वाल्हेर संस्थान गेलं आणि मध्यभारत आला तेव्हा मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत आपल्या खुर्चीवर बसूनच दिनकरराव एका राज्यातून दुसऱ्यात गेले होते, उठावंसुद्धा लागलं नव्हतं. आता नोव्हेंबरात तिसरं राज्य येणार होतं आणि ते खुर्ची भोपाळला नेणार होतं. चार ठिकाणचे हेडक्लार्क तिथे एकमेकांची ज्येष्ठता मोजत बसणार. नागपूरच्या बाजूला मिशनऱ्यांच्या चौकशीला कमिटी बसलेली. अशात कुणी म्हणालं की, धुमाळांची पोरगी पाद्र्यांबरोबर बोटीतून गेली, तर? हे ते विमलला पुन्हा पुन्हा सांगत. विमल ऐकून घेई.

स्वयंपाकघरात उद्याच्या मलिद्यासाठी विमल पोळ्या कुस्करत होती. शांताताई येऊन समोर बसली आणि गूळ चिरायला घेतला.

"पोरीला जाऊ द्यावं," ती म्हणाली.

"आत्याबाई, सकाळी तर तुम्हीच म्हणत होता की—"

"सकाळी ती बाई हिंगणीची आहे हे मला कुठे पता होतं?"

विमलला हसू आलं, पण ती हसली नाही. ती या घरात इंदूरहून आली होती आणि वीस वर्षं या लोकांना पाहत होती. इथे नाही कोण म्हणतंय हे कधीच सरळ कळत नसे. आपण नाही म्हणायचं आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं, ही दिनकररावांची जुनी युक्ती. त्या मद्रासी गृहस्थांनासुद्धा एकदा घरी जेवायला बोलवायचं होतं, तेव्हा ऑफिसात सांगितलं होतं की, बायकोला बरं नाही. ती तेव्हा ठणठणीत होती.

तिने हात धुतले, पुन्हा चहा केला आणि सासऱ्यांसाठी बाहेर नेला. दिनकरराव दौलतगंजला ताजियावर वाहायचे गजरे आणायला गेले होते.

"तात्यासाहेब, मी काही मागायला आले नाही," तिने आधीच सांगून टाकलं. "नुसतं सांगते."

"सांग."

"मोहरमच्या आधीपासून हे मिस सालवेंना सांगतायत की तुम्ही नाही म्हणता."

तात्यासाहेबांनी चहा बशीत ओतला. "मला कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग मी नाही कधी म्हटलं?"

"तेच सांगते."

"राजीखुशी कुणाची हवी म्हणते ती बाई? माझी?"

"वडिलांची," विमल म्हणाली. "तुमचं नाव ह्यांनी घातलं."

तात्यासाहेब बशीभर चहा प्याले, मिशा पुसल्या आणि कपात उरलेला तिला परत दिला. "साखर कमी आहे," ते म्हणाले. विमल आत गेली. आपण जे केलं ते बरं की वाईट, याचा तिने त्या दिवसापुरता विचार केला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी ढोल वाजू लागले. थाटीपुरापासूनची ओळखीची माणसं ताजिया खांद्यावर घ्यायला जमली होती. पाऊस थांबून थांबून पडत होता. हिरव्या कुर्त्यातले तात्यासाहेब झोळी घेऊन गल्लीतली चार दारं फिरले, आणि रिवाजाप्रमाणे शेवटी आपल्याच दारात येऊन उभे राहिले. इथे घरातल्या कुणी तरी पीठ घालायचं आणि मग ताजिया उचलायचा. दिनकरराव परातीत पीठ घेऊन उंबऱ्यात आले. मागे विमल, शांताताई आणि दुर्गा.

"इमामके नाम पर," तात्यासाहेब म्हणाले.

दिनकररावांनी पिठाची ओंजळ भरली आणि पुढे केली. तात्यासाहेबांनी झोळीचं तोंड मुठीत धरून बंद केलं.

"पीठ नको. पीठ भरपूर मिळालं."

"मग काय आणू? मलिदा?"

"पोरीला जाऊ दे."

ढोलवाला वाजवायचा थांबला. खांदेकरी एकमेकांकडे पाहू लागले. दिनकररावांच्या बोटांमधून पीठ उंबऱ्यावर सांडत होतं.

"तात्यासाहेब, ये क्या बात हुई? आत येऊन बोलू ना."

"फकीर आत येत नाही. दारातच मागतो. तू दे, किंवा देत नाही म्हण."

हे म्हणता येत नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक दारात माणूस होतं, आणि फकिराला नाही म्हटलेलं धुमाळांच्या दारात कधी कुणी ऐकलं नव्हतं. काल संध्याकाळपासून आपण भलत्याच दारावर पहारा देत होतो हे दिनकररावांना तेव्हा उमगलं.

"भोपाळात लोक काय म्हणतील," ते म्हणाले.

"मी लोकांना मागत नाही."

"चौकशा होतायत मिशनच्या."

"होऊ दे."

"आणि ती परत आली नाही तर?" दिनकररावांचा आवाज एकदम लहान झाला. "तिकडेच राहिली तर? कुणी ठेवून घेतलं, काही झालं? मी काय करू मग? एकच पोर आहे मला."

दुर्गाने बापाकडे पाहिलं. दोन महिने ती त्यांच्यावर मनातून चिडून होती, नोकरीपायी भिणारा माणूस म्हणून. ही भीती त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

तात्यासाहेबांनी झोळी तशीच धरली होती. "दिनकर, मलापण एकच पोर आहे," ते हळूच म्हणाले. "तो भोपाळला चाललाय. मी कुठे दार अडवलं?"

तात्यासाहेब भोपाळला येणार नाहीत हे घरात ठरलेलंच होतं, म्हणजे त्यावर कुणी बोललं नव्हतं. ते आणि शांताताई इथेच राहणार, कारण ताजिया इथे आहे, आणि पुढच्या मोहरमाला खांद्याला कोण असेल हे कुणी विचारलं नव्हतं. दिनकररावांनी पिठाने भरलेले हात पुन्हा परातीत रिकामे केले. मग त्यांनी ते तसेच, रिकामे, झोळीपुढे धरले.

"दिली," ते म्हणाले. "जाऊ दे."

"कुबूल," तात्यासाहेब म्हणाले आणि झोळीचं तोंड उघडलं. "आता पीठपण घाल. रिवाज आहे."

ढोल पुन्हा सुरू झाला. ताजिया उचलला गेला, आणि दिनकररावांनी कधी नव्हे ते पुढच्या उजव्या दांड्याला खांदा दिला. त्यांना सवय नव्हती, म्हणून ताजिया कंपूपासून करबल्यापर्यंत एका बाजूला कललेला गेला.

तळ्याच्या काठावर गर्दी होती. गल्लीगल्लीतले ताजिये येत होते. धुमाळांचा पाण्यात उतरवला तेव्हा अभ्रक क्षणभर चमकलं आणि कागद भिजून बसला. सूर्य ढगांत होता, पण मावळला असं सगळ्यांनी धरलं. शांताताईने कात्रीने तात्यासाहेबांच्या गळ्यातला नाडा कापला आणि ते पुन्हा संभाजीराव धुमाळ, पेन्शनर, झाले. त्याबरोबर त्यांनी ढोलवाल्याला उशीर केल्याबद्दल चार शब्द सुनावले. दहा दिवसांचे साचले होते.

दुर्गा त्यांच्याजवळ आली. ती तेवढ्याचसाठी आईबरोबर घरी न थांबता इथवर आली होती.

"आता नाडा सुटला," ती म्हणाली.

"सुटला."

"आता सांगा. फकिराने मागितलं ते मागितलं. तुम्ही काय म्हणता? जाऊ?"

तात्यासाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. कामट्या वर येऊन तरंगत होत्या.

"मला विचारशील, तर नको जाऊस."

दुर्गाला वाटलं होतं की ते हो म्हणतील. "का?"

"का म्हणजे? दिनकर चालला. विमल चालली. तू दिवाळीला इथे असतीस, मग सामान बांधताना असतीस. तेवढे दिवस होते माझे. ते गेले." ते हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, रिसाल्यात हजेरी देत असल्यासारखे. "मला नाही आवडलं. बिलकुल आवडलं नाही."

"मग मागितलंत कशाला?"

"फकीर होतो. स्वतःसाठी मागता येत नाही."

काठ निसरडा होता. त्यांनी तिचा दंड धरला, की तिने त्यांचा, हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. थोडं वर आल्यावर त्यांनी खिशातून तो कापलेला नाडा काढून तिच्या हातात दिला.

"बोटीवर पाणी उकळून पी," ते म्हणाले. "आणि त्या बाईला विचार, हिंगणीच्या नदीला पाणी कधी येतं."